पानगळीचा तक्ता

प्रशिक्षणात मिळालेला तक्ता मी भिंतीवर डकवला.
शरद ऋतू: लाल पानं, पिवळी पानं,
गळ्यात लोकरीचे मफलर घालून
पानांच्या ढिगात लोळणारी गोरी पोरं.
बाहेर मखमलाबादचं ऊन
बालवाडीच्या पत्र्यावर कडकड वाजत होतं.
दुर्वा म्हणाली, "ताई, यांना थंडीताप आलाय का?"

आता हिला काय सांगू.
आमच्याकडे आश्विनात पानं गळत नाहीत.
पिंपळ फाल्गुनापर्यंत धीर धरतो.
गळतात ती द्राक्षाची,
तीही आपखुशीनं नाही, कात्री लागते.
कच्‌ कच्‌, ओळीमागून ओळ,
आठवडाभरात अख्खा मळा उघडा.

तर आमची पानगळ मी पाटीत भरून आणली,
वाघचौरे आप्पांच्या ओट्यावरच्या वेलाची,
घरच्या खाण्याचा वेल, फवारा न पाहिलेला,
तरी दोनदा विचारून घेतलं.
आणि चार पराती मांडल्या:
एकीत ही पानं, चुरचुरीत,
एकीत गंगेकाठचा गाळ, अजून गार,
एकीत बाजरी,
एकीत झेंडू, देठासकट.

शिफानं झेंडू नाकाशी चुरला,
म्हणाली, "कडू वास येतो. गोड पण येतो."
स्वानंदनं बाजरी कानात घातली
(ती काढण्यात वीस मिनिटं गेली,
ती कृती फॉर्ममध्ये नाही).
दुर्वा गाळात कोपरापर्यंत,
वर मलाच विचारते, "ताई, माझा हात कुठं गेला?"

काशिनाथ बसून होता.
साडेतीन वर्षांचा, नाव आजोबांचं,
टोळीबरोबर पेठहून आलेला, छाटणीपुरता.
दोन्ही हात काखेत घट्ट,
जसे कुणी चोरून नेतील.
मी परात सरकवली, तो मागं सरकला.
मी पान दिलं, त्यानं मान हलवली.
म्हटलं, "अरे, हात लाव की."
तर माझ्याकडे असं बघितलं
की मीच काहीतरी वाईट बोलले.

मग लक्षात आलं.
छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावतात.
ती कुठं लागली ते दिसावं म्हणून तिच्यात लाल रंग.
आमच्या शरदातलं लाल ते एवढंच.
त्याची आई दिवसभर डोळे पुसत जाते
फडक्यानं, एकेक, हजारो,
आणि पोर बांधावर.
"हात नको लावू." काडीला नको, बादलीला नको,
माझ्या पदराला नको, मला नको.
ज्या वयात बाकीची पोरं जग चाखून बघतात
त्या वयात यानं हात सांभाळायला शिकून घेतलं.
आणि मी त्याला स्पर्शज्ञान शिकवायला निघाले.

मी परात तिथंच सोडली
आणि स्वानंदच्या कानाकडे वळले.

परत पाहिलं तेव्हा
काशिनाथचा उजवा पाय बाजरीत होता.
घोट्यापर्यंत.
अंगठा हळूच वर यायचा,
दाणे घरंगळायचे, पुन्हा बुडायचा.
हात अजून काखेत.
पायाबद्दल आई काही बोलली नव्हती ना.
मग डावा.
मग झेंडूत. मग गाळात,
बोटांच्या फटींतून गाळ वर आला
तेव्हा तो हसला, आवाज न करता,
नुसते खांदे हलले.

संध्याकाळी त्याची आई उंबऱ्याबाहेरच थांबली.
नळावर साबणानं तीनदा हात धुतले,
नखं तरी लालच.
तिनं हात पुढं केले नाहीत.
तोच गेला,
आणि गाळानं भरलेलं पाऊल
तिच्या पावलावर ठेवून उभा राहिला.
दोघांचीही ही सवय असावी,
कारण ती काहीच म्हणाली नाही.

रात्री फॉर्म भरायला बसले.
"बालकाने साहित्याला हाताने स्पर्श केला: होय / नाही."
पेन बराच वेळ उघडं राहिलं.
शेवटी होय खोडलं, नाही खोडलं,
"हाताने" खोडलं,
आणि समासात लिहिलं: पाय.

पर्यवेक्षिका विचारतील.
विचारू देत.
सोमवारी आणखी बाजरी आणायची आहे,
टोळी दिंडोरीला जायच्या आत.